कमावत्या लेकरांचा घरातला वाटा

प्रश्न : आमचं घर शहादा तालुक्यातलं. पाच एकर शेती आहे. मोठा मुलगा २६ वर्षांचा, नंदुरबारला खाजगी कंपनीत नोकरी करतो. हातात २४ हजार येतात. प्रकाशा गावावरून रोज मोटारसायकलनं जाऊन-येऊन करतो. राहणं घरी, जेवण घरी, डबाही घरचाच. मागितले तर पैसे देतो, नाही म्हणत नाही, पण दर वेळी मागावे लागतात. धाकटा मुलगा वडिलांबरोबर शेतात राबतो. मुलगी दोन वर्षं झाली एका दवाखान्यात कामाला आहे. ती पहिल्या महिन्यापासून पगार माझ्या हातात आणून ठेवते, पण तिचे वडील म्हणतात, लेकीचा पैसा घरात नको. मोठ्यानं दर महिन्याला ठरावीक रक्कम द्यावी असं मी म्हटलं तर हे माझ्यावरच रागावले : "घर आहे का खाणावळ?" दुसऱ्या देशांत मुलं म्हणे आईबापाला राहण्या-जेवण्याचे पैसे देतात. आपल्याकडे अशी पद्धत कधी होती का? कायदा काही सांगतो का? आणि माझं काही चुकतं आहे का?
— एक आई

उत्तर : ताई, तुमचं काही चुकत नाही. मागा. आजवर दर वेळी कारण सांगून, संकोचानं मागत राहिलात, त्याचंच मला वाईट वाटतं.

तुमच्या यजमानांचा प्रश्न मात्र मी बाजूला सारणार नाही. 'घर आहे का खाणावळ' असं जो बाप म्हणतो त्यानं पोरांना वाढवताना कधी भाकरी मोजलेली नसते. जेवणाचे पैसे घेतले तर आपणच पोराला परकं केलं, असं त्याला वाटतं. ही माया आहे, तिचा मान ठेवूनच बोलायला हवं. पण खाणावळ म्हणजे काय, तेही एकदा नीट बघू. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीवाटीनं राहायचे आणि जेवायला खाणावळवाल्या बाईकडे जायचे. ती बाई भल्या पहाटे चूल पेटवायची, पंधरा-वीस माणसांचं रांधायची आणि पगार झाला की प्रत्येकाकडून महिन्याचे पैसे घ्यायची. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायांसाठी, त्यांना सावकाराच्या दारात जावं लागू नये, बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. बँकेनं कर्ज दिलं, कारण रांधणं हे कमाईचं काम आहे हे तिथे उघड दिसत होतं. तेच काम घरातल्या चुलीवर झालं की कोणाला दिसत नाही. २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची सरकारी पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषाची ९७, असं त्या पाहणीत निघालं. २९९ मिनिटं म्हणजे पाच तास. तुमच्या मुलाचा डबा सकाळी बांधून तयार असतो तो त्या पाच तासांतून.

म्हणून खाणावळ हा शब्द मला शिवीसारखा वाटत नाही. तरीही मुलाकडून घ्यायचे पैसे हे जेवणाचे नसावेत, असं माझं मत आहे. ते घराचा वाटा म्हणून घ्यावेत. हा नुसता शब्दांचा फरक नाही. जेवणाचे पैसे देणारा माणूस जेवला, पैसे टाकले की मोकळा होतो. उद्या भाकरी करपली तर तो तक्रार करील आणि छप्पर गळलं तर म्हणेल, ते मालकाचं बघणं. वाटा देणाऱ्याला छपराकडे बघावं लागतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते : आपल्याकडे ही पद्धत होती का? होती, पण तिला नाव नव्हतं, कारण मागायची वेळच येत नव्हती. तुमच्या सासूबाईंच्या काळात मजुरी आठवड्यानं मिळायची, बहुधा बाजाराच्या दिवशी, आणि ती रोख असायची. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर देठं खुडणारी बाई, शेतावरचा मजूर, गाडीवरचा हमाल, सगळ्यांचा पैसा हातातून हातात जायचा. संध्याकाळी पोरगा घरी आला की नोटा आईच्या हातावर ठेवायचा आणि आई त्यातून तेल, मीठ, चहा-साखर आणायची. उरले तर त्यातलेच चार पैसे पोराला परत द्यायची. देणं आणि घर चालवणं यांत अंतरच नव्हतं. आज काय होतं? २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते तुमच्याच तालुक्यातल्या टेंभलीत. पुढच्या दहा-बारा वर्षांत रोजगार हमीची मजुरी, निराधारांचं अनुदान, कंपनीचा पगार, सगळं थेट खात्यावर जाऊ लागलं. हे चांगलंच झालं, मधले हात कमी झाले. पण त्या मधल्या हातांबरोबर आईचा हातही सुटला. पगार झाल्याचा निरोप मुलाच्या खिशातल्या मोबाइलवर वाजतो आणि पैसा घराचा उंबरा न ओलांडताच मोटारसायकलच्या हप्त्यात, रिचार्जमध्ये, मित्राच्या वाढदिवसात जातो. तुमचा मुलगा वाईट नाही. मागितल्यावर देतो, असं तुम्हीच लिहिलं आहे. पैसा दिसेनासा झाला म्हणून देणं त्याच्या लक्षात येत नाही, एवढंच आहे. जे डोळ्यांसमोर आपोआप व्हायचं ते आता बोलून ठरवावं लागेल.

परदेशाचं तुम्ही विचारलंत. ब्रिटनमध्ये कमावता मुलगा घरी राहत असेल तर आठवड्याला किंवा महिन्याला ठरावीक रक्कम आईला देतो, ही तिथल्या कामगार घरांतली जुनी चाल आहे. पूर्वी तर पगाराचं पाकीट न फोडताच आईला द्यायचं आणि तिनं त्यातून खर्चायला थोडे परत द्यायचे, अशी रीत होती. बाजाराच्या दिवशी आपल्याकडे व्हायचं तेच. सीबोम राउंट्री नावाच्या गृहस्थानं १८९९ साली यॉर्क शहरातल्या मजूर कुटुंबांची घरोघर पाहणी केली. मजुराच्या आयुष्यात ओढगस्त आणि बरे दिवस आळीपाळीनं येतात, असं त्याला दिसलं. लेकरं लहान असताना ओढगस्त, ती कमवायला लागून घरात पैसा देऊ लागली की घर जरा वर येतं, ती लग्न करून वेगळी झाली की आईबापांचं म्हातारपण पुन्हा ओढीत. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या परक्या मुलखातली ही गोष्ट आहे, पण तुम्ही आपल्या गल्लीतली चार घरं डोळ्यांसमोर आणा. लेकरं कमावती झाल्यापासून त्यांचे संसार वेगळे होईपर्यंतची जी सात-आठ वर्षं असतात, त्यांतच घर सावरतं : विहिरीचं काम होतं, कर्ज फिटतं, आईच्या गुडघ्याकडे लक्ष दिलं जातं. तुमचं घर नेमकं त्या वर्षांत आहे. ही वर्षं परत येत नाहीत, म्हणून मी इतक्या आग्रहानं लिहिते आहे. सिंगापूरमध्ये तर मुलगा वेगळा राहत असला तरी पगारातून आईबापाला दरमहा काही देणं अनेक घरांत गृहीतच असतं. म्हाताऱ्या आईबापांना मुलांकडून पोटगी मागता यावी असा कायदा तिथे १९९५ साली झाला, आपल्या १२ वर्षं आधी.

आपल्या नंदुरबार जिल्ह्याची एक दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे उत्तर फक्त पगारदारांच्या घरापुरतं राहील. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर इथली कितीतरी कुटुंबं दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातेत जातात. यान ब्रेमन या डच अभ्यासकानं बारडोलीच्या साखर कारखान्यांवर लिहिलं तेव्हाही तिथे तोडीला खानदेशातली माणसं होती, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी. तिथे मजुरी एकट्याची नसते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल आधीच घेतलेली असते आणि ती घरचा कर्ता पुरुष घेतो. सोळा-सतरा वर्षांची पोरं मोळ्या बांधतात, वाहतात, त्यांच्या नावानं वेगळा रुपयाही निघत नाही. त्या घरात 'पोरानं पैसे द्यावेत का' हा प्रश्नच नाही, कारण पोराच्या हातात काही आलेलंच नसतं. अशा घरातून शिकून कोणी नोकरीला लागलं आणि पहिल्यांदा स्वतःच्या नावावर पगार आला, तर तो काही दिवस मुठीत घट्ट धरून ठेवावासा वाटला, यात नवल नाही. त्याला स्वार्थी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

कायद्याचं विचारलंत. घरी राहणाऱ्या कमावत्या मुलानं दरमहा अमुक द्यावं असा कायदा आपल्याकडे नाही. पण मुलाचा पगार कोणाचा, हा वाद कोर्टात फार जुना आहे. १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे एका आयसीएस अधिकाऱ्याचं प्रकरण गेलं. त्याच्या शिक्षणाचा खर्च एकत्र कुटुंबानं केला होता, म्हणून त्याची कमाईही कुटुंबाचीच, असा निकाल लागला. शिकवलं म्हणून जन्मभराचा पगार घराच्या मालकीचा, हे पुष्कळांना पटलं नाही. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी विधिमंडळात विधेयक आणलं आणि १९३० साली विद्याधनाचा कायदा झाला : शिक्षणाच्या जोरावर मिळवलेलं धन ज्याचं त्याचं, शिक्षणाला पैसा घरानं दिला असला तरी. तेव्हा आज तुमच्या मुलाचा पगार कायद्यानं त्याचाच आहे. 'तुला शिकवलं, आता वसूल करणार' ही भाषा कायद्यात बसत नाही आणि ती घरातही वापरू नका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. शिकवणं म्हणजे उधारी नव्हे.

दुसऱ्या बाजूला, आईबाप स्वतःचं भागवू शकत नसतील तर मुलांना ते पाहावंच लागतं. २००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानं प्रांताधिकाऱ्यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे अर्ज करता येतो आणि महिन्याला १० हजारांपर्यंत निर्वाह भत्ता लावता येतो. आईबापाचं वय ६० नसलं तरी चालतं. तुमच्या घरात ती वेळ नाही आणि येऊही नये. फक्त दोन गोष्टी सांगून ठेवते. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयानं कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीच्या प्रकरणात सांगितलं की बापाला पोसण्याची जबाबदारी मुलाइतकीच मुलीचीही आहे, तिचं लग्न झालेलं असलं तरी. आणि २०२० साली लातूर जिल्हा परिषदेनं ठराव केला की जे कर्मचारी आईवडिलांना सांभाळत नाहीत त्यांच्या पगारातून ३० टक्के कापून आईवडिलांना द्यायचे. पुढे बारा जणांचे पगार कापायला सुरुवातही झाली. त्यांतले सहा शिक्षक होते. ती बातमी वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. ठरावाची वेळ येण्याआधी त्या बारा घरांत काय काय बोललं गेलं असेल, आणि काय बोलायचं राहून गेलं असेल.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीवर तुम्ही सगळ्यांत कमी लिहिलं आहे, तिच्यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे. 'धाकटा मुलगा वडिलांबरोबर शेतात राबतो.' एवढंच. त्याला काय मिळतं? खायला मिळतं, सणाला कपडे मिळतात, पेट्रोलला बापाकडे हात पसरावा लागतो. बरोबर ना? आपल्या खानदेशात सालदाराचं साल आखाजीला ठरतं. अक्षय तृतीयेला सालदार आणि मालक समोरासमोर बसतात, वर्षाची रक्कम ठरते, धान्य ठरतं, उचल किती ते ठरतं. अलीकडे हा आकडा लाखाच्या पुढे बोलला जातो आणि त्या किमतीलाही माणूस मिळत नाही. तुमचा धाकटा सालदाराचंच काम करतो. दादर ज्वारीला रात्रीचं पाणी द्यायला थंडीत तोच जातो, फवारणीचा पंप पाठीवर तोच घेतो. आखाजी दर वर्षी येते आणि जाते, त्याचं साल मात्र कधी ठरत नाही. म्हणजे घरात वाटा देणारा पहिला मुलगा हा आहे, आणि तो दोन-तीन हजार नाही, सबंध सालच देतो. हे मोठ्यासमोर कोणी कधी बोललं आहे का? माझी खात्री आहे, नाही. मोठ्याला वाटतं, मी कमावतो आणि धाकटा घरीच असतो. धाकट्याला वाटतं, दादाला पगार आणि मला काहीच नाही. उद्या जमिनीच्या वाटणीला बसाल तेव्हा हे दोन समज एकमेकांवर आदळतात. मी असे भाऊ पाहिले आहेत. त्यांची भांडणं बांधावरून झाली असं गाव म्हणतं. खरं भांडण या न ठरलेल्या सालाचं असतं.

म्हणून मोठ्याकडे वाटा मागाल त्याच दिवशी धाकट्याचं काहीतरी ठरवा. दरमहा त्याच्या खात्यावर थोडी रक्कम, किंवा कापूस विकला की त्यातला एक हिस्सा, तुम्हाला झेपेल ते. पण ठरवा.

मुलीबद्दल लिहिताना मला स्वतःचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी १९९४ साली तळोद्याला नोकरीला लागले. तेव्हा आपला जिल्हा वेगळा झालेला नव्हता, आम्ही धुळे जिल्ह्यातच होतो. पहिला पगार मी वडिलांसमोर ठेवला. त्यांनी तो उचललाही नाही. "बाई, हा तुझ्या नावानं बँकेत टाक, तुझ्या लग्नाला होईल," म्हणाले. त्यांच्या लेखी यापरता मोठा जिव्हाळा नव्हता. भाऊ पुढच्याच वर्षी कामाला लागला. त्याच्या पैशांतून स्वयंपाकघरावरची कौलं काढून पत्रे टाकले. त्यानंतर पाऊस आला की ते पत्रे असे वाजायचे की आत बोललेलं ऐकू येत नसे, आणि वडील कौतुकानं वर बघून म्हणायचे, "हे माझ्या आंडोरचे पत्रे." आंडोर म्हणजे मुलगा. मी त्याच छताखाली बसलेली असायचे. माझे पैसे बँकेत व्याज खात होते आणि मी घरात पाहुणी होते.

त्याच्या पुढच्या वर्षी मिरचीवर रोग पडला. झाडांची पानं चुरडून गेली, हाती काही लागलं नाही आणि रब्बीच्या खताला पैसा नव्हता. एका रात्री आई माझ्या अंथरुणाशी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, आठशे रुपये देशील? मी सकाळी बँकेतून काढून दिले. खताची गोणी घरात आली तेव्हा वडिलांनी विचारलं, पैसे कुठून आले? आई म्हणाली, भिशी लागली. त्या वर्षी दादर चांगली झाली. भाकरी थापताना आई माझ्याकडे बघून एकदाच हसली. ते हसू मला आजही दिसतं. पण वडील गेले तोवर त्यांना ती भिशीच माहीत होती. लेकीचा पैसा त्या घरात आला तो दुसऱ्याचं नाव घेऊन.

तुमच्या यजमानांना माझ्या वतीनं एवढंच सांगा की लेकीचा पैसा नाकारून तुम्ही तिचं काही वाचवत नाही. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं मुलाइतका हक्क दिला आहे. आदिवासी कुटुंबांना तो वारसा कायदा लागू नाही, तिथे रूढी चालते. पण तिथेही चुलीवर जे शिजतं त्यात लेकीची मजुरी असतेच आणि ती कोणी नाकारत नाही. हक्क देताना बरोबरीनं द्यायचा आणि वाटा घेताना मात्र 'तू राहू दे' म्हणायचं, यानं लेक घरातून आपोआप बाहेर पडते. तिचा वाटा घ्या. सगळा पगार घेऊ नका, आज ती सगळा ठेवते आहे हेही बरोबर नाही. दादाला जे प्रमाण तेच तिला.

प्रमाण किती? हाती येणाऱ्या पगाराचा चौथा ते तिसरा हिस्सा मला योग्य वाटतो. २४ हजारांवर ते सहा ते आठ हजार होतात. कर्ज काढून शिकला असेल आणि हप्ते चालू असतील तर कमी. नोकरी सुटली तर काही नाही, आणि त्या महिन्यांत कोणी शब्दानं टोचायचं नाही. रक्कम ठरवण्याआधी घरचा खर्च त्याच्यासमोर मांडा. किराणा, दूध, गॅस, वीजबिल, औषधं, सोसायटीचा हप्ता. माझी खात्री आहे की सोसायटीचं कर्ज किती आहे हे त्याला माहीत नाही. बहुतेक घरांत पोरांना ते बापाच्या आजारपणातच कळतं. हा कागद त्याच्या हाताने लिहून घ्या. स्वतःच्या अक्षरात आकडे लिहिले की माणूस ते विसरत नाही. आणि पैसे पगाराच्या दिवशीच, तुमच्या खात्यावर. यजमानांच्या नाही, तुमच्या. तेल संपलं की कळतं तुम्हाला.

एक सल्ला हल्ली पुष्कळ जण देतात : मुलाकडून पैसे घ्या, गुपचूप साठवा आणि लग्नात किंवा घर घेताना सगळे परत देऊन त्याला चकित करा. मला हे आवडत नाही. हेतू चांगला असतो, पण त्यातून मुलाला असं शिकवलं जातं की घराला त्याच्या पैशाची गरज नव्हतीच. गरज असेल तर खर्च करा आणि सांगा की खर्च केले. नसेल आणि साठवायचे असतील तर तेही त्याला सांगूनच साठवा. वाटा देणाऱ्याला वाट्याचं काय झालं हे कळलं पाहिजे, मग तो स्वतःहून विचारू लागतो : आई, मोटरीचं बिल या वेळी एवढं का आलं? तो प्रश्न ज्या दिवशी येईल, त्या दिवशी मला जरूर कळवा.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यातला, वय २३. सुरतला कापडाच्या कारखान्यात आहे. खोलीभाडं, जेवण जाऊन जे उरतं त्यातले सात-आठ हजार दर महिन्याला वडिलांच्या खात्यावर टाकतो. दोन वर्षं झाली. त्याचं काय झालं हे विचारलं तर ते म्हणतात, बापाला हिशोब विचारतो? विचारणं चूक आहे का?

उत्तर : चूक नाही, भाऊ. तुम्ही घरात राहत नसूनही वाटा देता, तुम्हाला तर जास्तच कळायला हवं. पण प्रश्न जरा वेगळा विचारा. वडिलांना 'हिशोब' या शब्दात ऊसतोडीच्या मुकादमाचा आवाज ऐकू येत असेल. आयुष्यभर हिशोब त्यांनी दिला नाही, त्यांच्याकडून घेतला गेला : उचल किती, फिटली किती, अंगावर किती राहिली. तोच शब्द पोरानं वापरला की माणूस दुखावतो.

तुमच्याकडे मोठा मुलगा लग्नानंतर वेगळं घर बांधतो आणि धाकटा आईबापांजवळ राहतो, अशी रीत पुष्कळ घरांत आहे. लग्नात देज, म्हणजे वधूमूल्य, मुलाकडून जातं. म्हणजे तुमच्या वडिलांच्या डोक्यात या पैशाचं बहुधा काहीतरी ठरलेलं असणार : देज, नवं घर, एखादी बैलजोडी. ते बोलत नाहीत, कारण त्यांच्याही बापानं त्यांना कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा 'पैशाचं काय केलं' असं विचारण्यापेक्षा 'माझं घर कुठे बांधायचं' असं विचारून बघा. पुढचं सगळं त्यातून निघेल. आणि यापुढे थोडी रक्कम स्वतःच्या नावावर ठेवायला लागा. ते लपवू नका, फोनवरच सांगून टाका.

होळीला घरी याल तेव्हा दुसऱ्या दिवशी लगेच परतू नका. बँक उघडेपर्यंत थांबा, वडिलांना गाडीवर बसवून धडगावला न्या आणि पासबुक भरून घ्या. दोन वर्षांच्या नोंदी छापायला मशीनला थोडा वेळ लागतो. त्या छापून आल्या की बाहेर चहा घ्या आणि पहिल्या पानापासून एकेक ओळ त्यांना वाचून दाखवा, कुठल्या महिन्यात तुम्ही किती टाकले आणि कुठल्या महिन्यात त्यांनी किती काढले. मध्ये कुठे ते स्वतःच सांगायला लागले की ही रक्कम कशाची, तर वाचणं थांबवा आणि ऐका.